गुरुवारी रस्ता मोकळा ठेवायचा

फ्रान्सहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर लोकांनी मला घेरलं. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, तो लोखंडी मनोरा जवळून कसा दिसतो. मी सांगितलं, मनोरा पाहिला नाही. विमानतळावरून थेट रेल्वेत बसलो, रेल्वेतून उतरून कोणाच्या तरी मालवाहू टेम्पोत, आणि मग एका खेड्यात. लोकांचा हिरमोड झाला. शेजारचे काका बशीत चहा फुंकत म्हणाले, "मंग इतक्या दूर कायले गेल्ता? अक्रोड येचाले?"

हो, अक्रोड वेचायलाच गेलो होतो. शेतकऱ्यांच्या पोरांनी हंगामापुरतं एकमेकांच्या देशात जाऊन राहायचं, काम करायचं, शिकायचं, अशी एक देवाणघेवाण आहे. आमच्या वाशिम जिल्ह्यातून त्यात माझं नाव लागलं, कारण मला थोडं इंग्रजी येतं आणि मी बोलायला कोणाला भीत नाही. घरचं सोयाबीन त्या वर्षी माझ्याशिवाय निघालं. बाबा ते अजून बोलून दाखवतात.

पण जायच्या आधी मी गावात एक लढाई हरलो होतो, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गावच्या फाट्यावर सकाळी थांबणारी एसटीची फेरी बंद झाली. कॉलेजच्या मुली, दवाखान्याचे म्हातारे, बाजारवाले, सगळ्यांची तीच गाडी. आगारवाले म्हणाले, प्रवासी नाहीत. मी पेटलो. पत्रक लिहिलं, 'एसटी कोणाच्या बापाची?' असं मोठ्या अक्षरात. घरोघरी वाटलं. मोर्चा काढला. मोर्च्याला गर्दी इतकी झाली की मलाच भरून आलं. भाषण करायला स्टुलावर चढलो, तेव्हा आगाराच्या गेटबाहेर ओळीनं उभ्या असलेल्या जीपा दिसल्या. एसटी वाचवायला आलेली सगळी माणसं जीपमध्ये बसून आली होती. जीप दारापुढून उचलते, एसटीसाठी फाट्यापर्यंत चालावं लागतं. आतला साहेब खिडकीतून हसत होता. त्याला काही बोलायची गरजच पडली नाही.

तो राग घेऊन मी विमानात बसलो. वाटलं होतं, तिकडे तरी माणसं शहाणी असतील.

ते गाव म्हणजे टेकडीच्या उतारावर दगडी घरांचा एक पुंजका. मधे चर्च, चर्चसमोर युद्धात मेलेल्यांच्या नावांचा दगड, बाजूला ग्रामपंचायतीची छोटी इमारत. ती आठवड्यातून दोनदा उघडायची, तीही अर्धा-अर्धा दिवस. भोवती अक्रोडाच्या बागा, मक्याची शेतं, तंबाखू वाळवायची काळी लाकडी कोठारं, आणि त्यापलीकडे ओकाचं जंगल. रविवारी जंगलातून बंदुकांचे आवाज यायचे, शिकारीचे. बाकीचे दिवस आवाजच नाही. दुकान होतं, ते बंद झालेलं. पोस्ट बंद झालेलं. शाळेच्या इमारतीत कोणीतरी बाहेरचं माणूस उन्हाळ्यापुरतं राहायला यायचं. ब्रेडवाला गाडी घेऊन यायचा, हॉर्न वाजवायचा, आणि बायका दार अर्धंच उघडून पाव आत घ्यायच्या. माणूस दिसायचा तो पडद्याआड. मला पहिले चार दिवस वाटलं, आपण चुकून सुट्टीच्या दिवसात आलो.

एक गोष्ट मला तिथे फार आवडली. चर्चचं घड्याळ तासाचे टोल दोनदा द्यायचं. एकदा वाजवून झालं की थोडं थांबून पुन्हा तेवढेच. पहिल्यांदा मोजायला चुकलेल्या माणसाला विचारायला जावं लागू नये म्हणून. त्या गावाचा सगळा स्वभाव त्या घड्याळात होता, हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर त्याचाच मला संताप आला.

काम एका बागेत होतं. बागेची मालकीण चाळिशीची, रांगडी, कधीकाळी इंग्लंडमध्ये हॉटेलात राबलेली, म्हणून तिला इंग्रजी यायचं. ती यंत्रानं झाड हलवायची, मी मागून राहिलेले अक्रोड वेचायचो. हिरव्या सालीचा रस हाताला लागतो आणि हात काळे होतात, साबणानं जात नाहीत. राहायची सोय मात्र तिच्याकडे नव्हती. गावातल्या एका म्हातारीच्या वरच्या खोलीत मला ठेवलं होतं. मी तिला मावशी म्हणायचो. तिला त्या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, आईची बहीण असली तर तुला रागवायचा हक्क मला मिळाला.

मावशीला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. सुरुवातीला फोनवरून भाषांतर चालायचं, मग हळूहळू माझं मोडकंतोडकं. तिचं बोलणं मी इथे वऱ्हाडीतच लिहिणार आहे. कारण तिची फ्रेंच गावाकडची होती, शहरातले लोक तिच्या उच्चाराला हसतात असं बागेच्या मालकिणीनं मला सांगितलं होतं. प्रमाण मराठीत लिहिलं तर ती पुण्याची वाटेल. ती तशी मुळीच नव्हती. ती मेडशीच्या माझ्या सख्ख्या मावशीसारखी होती. बोलणं खडं, हात सतत कामात.

संध्याकाळी आम्ही ओले अक्रोड फोडायचो. ओल्या अक्रोडाच्या गरावर पातळ पिवळी साल असते, कडू. ती नखानं सोलली की आतला गर दुधासारखा लागतो. मी दिव्याखाली धरून सोलायचो आणि तुकडे करायचो. ती दिव्याकडे पाठ करून, भिंतीकडे पाहत, बोटांनीच सोलायची, आणि तिचा गर अख्खा निघायचा. मला वाटलं, हातसवय. सोललेले गर ती एका डब्यात ठेवायची. ते तिच्या नवऱ्यासाठी.

नवरा बाजाराच्या गावात होता. ते गाव म्हणजे आपलं कारंजा समजा, जुनी व्यापारपेठ, गुरुवारी बाजार. तिथे म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक घर होतं, नर्सा वगैरे असलेलं. त्याची स्मृती गेलेली. गुरुवारी ती बाजार करून त्याच्याकडे जायची, शेजारी बसून त्याला अक्रोड भरवायची, आणि परत यायची. आठवड्यातला तिचा तो एकच दिवस. बाकीचे सहा त्याच्या तयारीत जायचे.

पहिल्या गुरुवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं आणि मला वाटलं, गावात बंद पुकारलाय. समोरच्या घरच्या माणसानं आपला कुत्रा आत ओढून घेतला. ब्रेडवाला रोज चर्चसमोर थांबायचा, तो आज पार वरच्या गल्लीत गाडी लावून उभा. पोस्टाची बाई पिवळ्या गाडीत इंजिन बंद करून बसलेली. एक ट्रॅक्टर वळणापाशी थांबला होता आणि त्यावरचा माणूस शांतपणे हात चोळत होता. मग आमच्या अंगणातून मावशीची छोटी पांढरी कार निघाली. चारी कोपरे चेपलेले. रस्त्याच्या मधोमध, हळूहळू, उतारावरून खाली गेली आणि दिसेनाशी झाली. त्यानंतर कुत्रा बाहेर आला. ट्रॅक्टर चालू झाला.

मी बागेत जाऊन मालकिणीला विचारलं, हे काय होतं. ती अक्रोडाच्या टोपलीकडे पाहत म्हणाली, मावशीला समोरचं दिसत नाही. डोळ्यांचा आजार आहे. बाजूचं दिसतं, मधलं जातं. तिकडे लायसन्स एकदा मिळालं की म्हातारपणी कोणी परत डोळे तपासत नाही. म्हणून गुरुवारी सकाळी रस्ता मोकळा ठेवायचा, असं गावानं ठरवलंय.

"ठरवलं म्हनजे? मीटिंग झाली?"

"मीटिंग कायची? ठरलं."

वळणावर फुलझाडांच्या मोठ्या दगडी कुंड्या होत्या, त्या सरपंचानं (तिकडे मेयर म्हणतात, मी सरपंचच म्हणतो) धुवायच्या निमित्तानं उचलल्या आणि परत ठेवल्याच नाहीत. मावशीला कोणी काही बोललं नव्हतं. एका शब्दानंही नाही. मी म्हणालो, अरे पण गाव संपल्यावर पुढे मोठा रस्ता आहे, तिथे ट्रक आहेत, त्यांना कोणी सांगितलंय? मालकिणीनं खांदे उडवले. ते खांदे उडवणं मी तिथे इतकं पाहिलं की माझ्या स्वप्नात यायचं.

दुसऱ्या गुरुवारी मावशी मला म्हणाली, टोपली जड होते, सोबत चल. मी बसलो. तेव्हा कळलं की टोपलीचा काही संबंध नव्हता. ती मान थोडी वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं रस्ता पाहत गाडी हाकायची. मला त्या वेळी डावं, उजवं, थांब, ट्रक, मोठा, एवढेच फ्रेंच शब्द येत होते. तेवढे पुरले. ती मला विचारायची नाही आणि मी सांगितल्यासारखं करायचो नाही. मी खिडकीतून बघत सहज म्हटल्यासारखं म्हणायचो, उजवीकडे ट्रक किती मोठा आहे. अन् ती म्हणायची, हो ना. परतल्यावर माझी पाठ घामानं ओली असायची.

नवरा राहायचा त्या म्हाताऱ्यांच्या घरी गेलो. लांब हाताचा, शेतात राबलेला म्हातारा. मावशीकडे त्यानं पाहिलं ते एखाद्या ओळखीच्या झाडाकडे पाहावं तसं. नाव आठवलं नाही. पण ती बसल्याबरोबर त्यानं विचारलं, "गाडी कुठं लावली?" ती म्हणाली, चर्चच्या मागं, सावलीत. त्या गावातही एक चर्च होतं. त्याचं समाधान झालं. मग तो अक्रोड खाऊ लागला. दर गुरुवारी हाच प्रश्न, हेच उत्तर. बाकी सगळं पुसलं होतं, ती गाडी राहिली होती. मावशी मला नंतर म्हणाली, गाडी हाये म्हनजे घर हाये, घर हाये म्हनजे तो कधीतरी घरी येनार हाये, असं त्याच्या डोक्यात हाये. त्या माणसाचं जग चार चाकांवर उभं होतं, आणि ती चाकं एक न दिसणारी बाई हाकत होती.

आता खरी गोष्ट. त्या गावात एक गाडी येत होती. फुकट नाही, पण जवळजवळ फुकट. पांढरी, चकाचक, आठ-नऊ माणसं बसतील अशी. दर गुरुवारी गावातून बाजाराला, दुपारी परत. नियम एवढाच की आदल्या संध्याकाळपर्यंत फोन करून सांगायचं, मी येणार. कोणी फोन केला नाही तर गाडी येत नाही. थांबा चर्चसमोर, निळी पाटी. मी इतके दिवस त्या पाटीखालून जात होतो आणि एकदाही तिथे माणूस पाहिला नव्हता. पंचायतीच्या दारावर नोटीस लागली तेव्हा मला ती गाडी आहे हे कळलं. नोटीस अशी की नव्या वर्षापासून ही सेवा बंद, कारण मागणी नाही.

मागणी नाही! मला आगारातल्या साहेबाचं हसू आठवलं. मी म्हणालो, मावशीला हीच गाडी पाहिजे. अशा किती मावश्या असतील. मी रात्री बसून पत्रक लिहिलं. मालकिणीनं त्याचं फ्रेंच केलं आणि करताना अर्धं खोडलं. म्हणाली, इतकं रागावून इथं कोनी लिहित नाही, लोक घाबरून दार लावून घेतीन. मी म्हणालो, दार तर लावलेलंच आहे.

काळ्या हातांनी कागद घेऊन मी घरोघरी फिरलो. मालकीण सोबत, दुभाषी म्हणून. आणि काय आश्चर्य, सगळ्यांनी दारं उघडली. सगळ्यांनी सह्या केल्या. कॉफी दिली, घरगुती दारूही पुढे केली. समोरच्या घरचा माणूस म्हणाला, मले नाही लागत जी, मी अजून चालवतो, पन वरच्या गल्लीतल्या बाईले लय गरज हाये. वरच्या गल्लीतली बाई म्हणाली, माझं तर सगळं बरं हाये, पन तो चर्चजवळचा बुढा, त्याच्यासाठी ही गाडी राह्यली पाहिजे. चर्चजवळच्या बुढ्यानं सही करताना खालच्या घरच्या विधवेचं नाव घेतलं. खालच्या विधवेनं समोरच्या घरच्या माणसाचं. गोल पूर्ण झाला. गावातल्या प्रत्येकानं दुसऱ्यासाठी सही केली होती. स्वतःसाठी एकानंही नाही.

मालकिणीला घेऊन मी सरपंचाकडे गेलो. तो गोठ्यात होता, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. माणूस भला. कागद पाहून खूश झाला आणि खिशातून पेन काढून स्वतःही सही केली. मी म्हणालो, तुम्ही कोणाकडे मागताय? हा कागद तुमच्याचसाठी आहे. तो म्हणाला, वर पाठवतो, पण वरचे लोक सह्या पाहत नाहीत, सवाऱ्या पाहतात.

मी विचारलं, "मंग फोन काहून नाही करत कोनी? एक फोन करा, गाडी दारात येते."

तो गाईच्या पाठीवर हात फिरवू लागला. मालकिणीला काहीतरी म्हणाला. तिनं मला सांगितलं: त्या पाटीखाली उभं राहिलं की सगळ्या खिडक्यांतून दिसतं. तिथे उभा राहिलेला माणूस म्हणजे ज्याच्या पोरांनी येऊन गाडीची चावी काढून नेली तो. आज चावी जाते, उद्या घर, परवा ते बाजाराच्या गावातलं म्हाताऱ्यांचं घर. त्या पाटीखाली उभं राहणं म्हणजे त्या रांगेत नंबर लावणं.

मला इतका राग आला की मी तिथून निघूनच आलो. मी ज्या गावातून आलो तिथे लोक आळसानं एसटी बुडवतात. इथे मानानं बुडवत होते. आंधळी बाई ट्रकच्या पुढे गाडी घालते ते चालतं, तिच्यासाठी कुंड्या उचलतात, कुत्रे बांधतात, इतकी माया! पण तिच्या बाजूला पाटीखाली उभं राहायचं म्हटलं की सगळ्यांचा मान जातो.

त्या दिवशी मी मावशीशी सरळ बोललो. फोनवरचं भाषांतर बाजूला ठेवलं, जेवढे शब्द होते तेवढ्यात. म्हणालो, मावशी, तुला दिसत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे. मी थोड्या दिवसांत जाणार. मग उजवीकडचा ट्रक तुला कोण सांगणार?

ती अक्रोड सोलायची थांबली. पहिल्यांदाच तिनं दिव्याकडे तोंड केलं. म्हणाली, "गाव इतके दिवस चूप राह्यलं. तूच बोलून राह्यला."

मी म्हणालो, हो, मीच बोलतो, मला तेवढंच येतं. फोन करून गाडी सांग.

"मी पाटीखाली उभी राह्यली त गाव म्हनन बुढीचं संपलं. ते म्हनू दे. पन तो इचारन, गाडी कुठं लावली. मंग काय सांगू?"

पत्रकात असल्या प्रश्नाला जागा नसते. मी खोलीत गेलो, तणतणलो, आणि बुधवारी संध्याकाळी स्वतःच फोन केला. माझ्या नावानं एक सीट.

गुरुवारी सकाळी मी निळ्या पाटीखाली जाऊन उभा राहिलो. पडदे हलले. कुत्रा आत ओढला गेला होता, ट्रॅक्टर वळणावर थांबला होता, सगळी तयारी मावशीच्या कारसाठी. पण कार निघाली नाही. थोड्या वेळानं मावशी टोपली घेऊन चालत आली. डोक्याला रुमाल, बाजाराचा कोट. माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली आणि समोरच्या खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्या पोट्ट्याले बाजार मालूम नाही. हरपन कुठं तरी. म्हनून चालली."

ड्रायव्हरनं कुरकुर केली की फोन एकाचाच होता. पण जागा सगळीच रिकामी होती.

तिथे त्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, गाडी कुठं लावली. मावशी म्हणाली, चर्चच्या मागं, सावलीत. खोटंही नव्हतं. व्हॅन तिथेच उभी होती.

पुढच्या गुरुवारी खालच्या घरची विधवा आली. तिला परदेशी पाहुण्याला चीजचं दुकान दाखवायचं होतं. त्याच्या पुढच्या वेळी चर्चजवळचा बुढा आला. त्याच्या मते बायका मला महागाच्या दुकानात नेतील, म्हणून पुरुष सोबत पाहिजे. मी अर्धा महाराष्ट्र ओलांडून मुंबईपर्यंत एकटा गेलेला, तिथून हजारो मैल एकटा आलेला, आणि मला एक बाजार दाखवायला तीन म्हातारी माणसं! गाडीत हसणं-खिदळणं चालायचं. एकमेकांना मारलेले टोमणे मला अर्धेच कळायचे. विधवा बुढ्याला म्हणाली की तू शाळेतही असाच मागच्या बाकावर बसायचास. मी खिडकीशी बसून दात-ओठ खात होतो. म्हटलं, असं फोन करून का नाही सांगत, की आम्हाला जायचंय? आम्हाला! पण बोललो नाही. गाडी चालू होती ना.

मग हंगाम संपला, अक्रोड वाळवून पोत्यात गेले, आणि मी परत आलो. निघताना मावशीनं सोललेले नाही, अख्खे अक्रोड दिले. म्हणाली, तुझ्या आईले सांग का पोट्टं बोलते लय. मी म्हणालो, तिला माहीत आहे.

पुढचं मला बागेच्या मालकिणीनं फोनवर बोलून पाठवलेल्या निरोपांतून कळलं. मी गेल्यावर पहिल्या बुधवारी मावशीनं फोन करून दोन सीटा सांगितल्या. एक तिची, एक माझी. गुरुवारी ती एकटीच उभी. ड्रायव्हरनं विचारलं, पाहुणा? ती म्हणाली, सर्दी झाली त्याला, पण त्याच्यासाठी सामान आणायचंय. विधवा आणि बुढाही आले, सामान उचलू लागायला. गावातला प्रत्येक माणूस मला निरोप द्यायला आला होता. तरी कोणी ओठ उघडले नाहीत. उलट ब्रेडवाला तिला विचारायचा, कसा हाये तुमचा पोट्टा? खोकला गेला का?

मी वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, ढिगापाशी बसून हे ऐकत होतो. एका देशाची गाडी माझ्या खोकल्यावर चालली होती. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मालकिणीला मी चिडून निरोप पाठवला: माझ्या पत्रकावर सह्या करणाऱ्यांना सांग, मी मेलोय.

मरायची गरज पडली नाही. गाडीवाल्यांचा नियम आहे, सीट सांगून कोणी वारंवार आला नाही तर त्याचं नाव बाद. माझं नाव बाद झालं. पाहुणाच नाही म्हटल्यावर विधवेला चीजचं दुकान कोणाला दाखवायचं राहिलं नाही, बुढ्याला राखण कोणाची करायची राहिली नाही. दोघं आपापल्या घरात परत गेले.

आता मावशीनं ठरवायचं होतं. कारची चावी खुंटीवर होती.

तिनं बुधवारी फोन केला. स्वतःच्या नावानं. एक सीट.

मालकीण सांगत होती, गुरुवारी सकाळी ती मुद्दाम ट्रॅक्टर घेऊन वळणावर गेली. मावशी निळ्या पाटीखाली उभी होती, टोपली हातात, घरांकडे पाठ करून. आणि चर्चसमोरच्या सगळ्या घरांच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद होत्या. सकाळची उजेडाची वेळ, तरी बंद. एकानंही तिला पाहिलं नाही. तिला कोणी पाहू नये म्हणून गावानं आपापल्या झडपा लावून घेतल्या होत्या. किती सुंदर, असं मालकीण म्हणाली.

मला ते सुंदर वाटत नाही, आजही वाटत नाही. झडप लावायला जेवढे हात लागले तेवढे हात टोपली उचलायला का नाही आले? खिडकी बंद करणं सोपं आहे. चार पावलं चालत येऊन तिच्या बाजूला उभं राहिलं असतं, तर वरच्यांनी सवाऱ्या मोजल्या असत्या. आता एक मोजतात. मधे सवाऱ्या दिसल्या म्हणून नव्या वर्षाची मुदत पुढे ढकलली होती; एका सवारीवर गाडी किती दिवस चालवायची, ते उन्हाळ्यात ठरवणार आहेत म्हणे.

मी गावात परत मोर्चा काढला नाही. पत्रकही छापलं नाही. रोज सकाळी चालत फाट्यावर जातो आणि एसटीची वाट बघत उभा राहतो. हमरस्त्यावरून जाणारी एक गाडी अजून आहे, तिला हात दाखवला तर थांबते, कधी थांबत नाही. जीपवाला माझ्यापुढे आणून ब्रेक मारतो. "नेतेसाहेब, बसता का? का फ्रान्सची गाडी येऊन राह्यली?" मी मान हलवतो. परवा शेजारचे काका येऊन बाजूला उभे राहिले. म्हणाले, मले कुठं जायाचं नाही बावा, तू एकटाच उभा दिसला म्हनून आलो. मला आतून बरं वाटलं. तेवढ्यात जीप आली, जीपवाल्यानं खिडकीजवळची सीट मोकळी असल्याचं सांगितलं, आणि काका चढले. आतून हात करून म्हणाले, बाजारात काम आठवलं.

जीप गेल्यावर फोन वाजला. मालकिणीचा नवा निरोप होता. तिला मावशीनं सांगितलं होतं की हे त्या पोट्ट्याला कळव.

गेल्या गुरुवारी व्हॅननं गेल्यावर म्हाताऱ्यानं नेहमीसारखं विचारलं, गाडी कुठं लावली. चर्चच्या मागं असं मावशीच्या तोंडात आलं होतं. पण मग तिनं खरं सांगितलं. गाडी घरी हाये. मी आता चालवत नाही. ड्रायव्हर आनते मले.

म्हातारा खायचं थांबला. मग म्हणाला, "ड्रायव्हर ठेवला का? बरं केलं. तुले गाडी कधी नीट चालवता आलीच नाही."

अन् पुढचा अक्रोड मागितला.